डोमाजीच्या नावाचा मीटर

मित्रांनो, ओसरीत आलात की चपला काढता काढता जरा वर बघा. दाराच्या चौकटीशेजारी लाकडी फळीवर बसवलेला, पोटाला काचेची खिडकी असलेला जो काळा डबा दिसतो, तो मी. मी एक जुना विजेचा मीटर आहे. घरातल्या आरशाकडे, घड्याळाकडे माणसं कौतुकाने बघतात. माझ्याकडे बघताना मात्र कपाळाला आठी पडते. माझं काम मोजण्याचं, आणि मोजणारा कोणाला आवडतो?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तांब्याच्या तारेची वेटोळी, लोहचुंबक, एक पातळ चकती आणि बारीक दातेरी चाकं, एवढाच माझा जीव. वीज आली की चकती फिरते, चकती फिरली की आकडे पुढे सरकतात. मागे सरकायचं कसं, ते मला शिकवलंच नाही. माझी परीक्षा घेऊन पोटावर शिशाचं सील मारलं, भुशात घालून पेटीत बंद केलं, आणि जहाज, मालगाडी, बैलगाडी अशा तऱ्हेतऱ्हेच्या वाहनांतून मी अमरावतीच्या वीज कंपनीच्या कोठारात येऊन पडलो.

तिथून मला त्रेपन्न साली डोमाजी तायडे यांच्या घरी नेलं. डोमाजी कचेरीत चपराशी. स्टेशनाच्या रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत त्यांनी दोन खोल्या आणि एक ओसरी स्वतः उभी केली होती. कचेरीत साहेबांच्या डोक्यावर विजेचा दिवा आणि आपल्या घरी कंदील, हे त्यांच्या मनाला फार लागलेलं. त्यांनी अर्ज केला. कंपनीने सांगितलं, आधी अनामत भरा.

अनामत म्हणजे काय, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायीच घडलं. कंपनी वीज आधी देते आणि पैसे मागून घेते. एखादा माणूस वीज जाळून पळून गेला तर? म्हणून कंपनी सुरुवातीला काही रक्कम ठेवून घेते. ती बिलात खर्ची पडत नाही. माणसाने मीटर बंद करायला सांगितला, शेवटचं बिल चुकतं केलं, की ती जशीच्या तशी परत मिळते. डोमाजींनी दोन दिवाळ्यांचे कपडे न घेता ती भरली.

पहिला दिवा लागला तेव्हा अर्धी गल्ली ओसरीत होती. सगळे दिव्याकडे बघत होते. डोमाजी एकटे माझ्याकडे बघत होते. चकती फिरायला लागली तसे त्यांनी हात जोडले. पुढे दर दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं. छप्पन सालच्या दसऱ्याला डोमाजी आणि त्यांची बायको चतुराबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्यानंतर हळदकुंकू थांबलं. फडका मात्र थांबला नाही. दर रविवारी डोमाजी स्टुलावर चढून माझी काच पुसत. त्या काळात राज्यांची नावं दोनदा बदलली, आणेपाई जाऊन नवे पैसे आले. माझ्या बिलावर मात्र एकच नाव छापून यायचं, डोमाजी तायडे.

चतुराबाई सरकारी दवाखान्यात दाई होत्या. दवाखाना सुटला की गल्लीबोळातली बाळंतपणं करायच्या. विजेच्या बाबतीत फार कंजूष. दुपारी दिवा दिसला तर मुलीला, मैनाला, बोल बसायचे. पण बाळंतिणीच्या खोलीबद्दल त्यांचं गणित वेगळं. बारा दिवस त्या खोलीतला दिवा मालवायचा नाही, म्हणजे नाही. तेल कोणाचं, पैसे कोण देणार, तिथे हा हिशेब बंद. ही त्यांची खोड लक्षात असू द्या.

मग डोमाजी दमा लागून आजारी पडले आणि बासष्ट सालच्या थंडीत गेले. मैना शिकून शिक्षिका झाली होती, तिला अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली. चतुराबाईंचीही दवाखान्याची नोकरी संपत आली होती. लेकीपाशी राहावं, चार बाळंतपणं करावीत, या विचाराने त्यांनी घर विकायला काढलं.

घर घेतलं मोर्शीकडच्या पंजाबराव ढोल्यांनी. संत्र्याचे बगीचे असलेला कास्तकार, आवाज असा की ओसरीत बोलले तर माझी चकती थरथरावी. त्यांना स्टेशनाजवळ जागा हवी होती, कारण संत्र्याच्या पेट्या तिथून रेल्वेत चढायच्या. शिवाय चांदूर बाजारला दिलेली लेक वच्छला पहिलटकरीण होती. तिचं बाळंतपण शहरात दवाखान्याजवळ व्हावं, असंही मनात होतं. माणूस वाईट नव्हे. फक्त सौदा झाला की समोरच्याचं जे दिसेल ते आपलं, अशी त्यांची साधी समजूत. आपल्यातलं मात्र काहीच समोरच्याचं नाही.

अर्जनवीसाने विक्रीचा कागद झोकात लिहिला. दगड, माती, लाकूड, झाड, पाणी, सगळं त्यात आलं. मी त्यात आहे की नाही, हे कोणी विचारलं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मैना आईला म्हणाली, की कंपनीत जाऊन मीटर बंद करून यावं आणि अनामत मागावी. चतुराबाईंनी ओसरीतून घराकडे एकवार पाहिलं. पंजाबरावांची लेक इथे बाळंतपणाला येणार, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"नव्या मानसाच्या हाती अंधारं घर द्यावं काय, मैना? बाळंतिनीच्या खोलीतला दिवा मालवत नाई आपुन. पैशाचं पाहू मागाहून. पावती हाये ना जवळ."

त्यांनी तोवरचं बिल भरलं, ओसरीतला दिवा चालू ठेवला, किल्ली पंजाबरावांच्या बायकोच्या, सुभद्राबाईंच्या हातात दिली आणि अकोल्याची मोटार धरली. मी फिरत राहिलो, डोमाजींच्या नावाने.

मित्रांनो, चूक झाली ती इथे. पण अशी चूक करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आता पंजाबरावांचा संसार बघा. त्यांच्या खेड्यात वीज नव्हती. त्यामुळे बटन दाबलं की उजेड पडतो, याचं घरातल्या लहानमोठ्यांना भारी वेड. अंगणातला दिवा दिवसाही जळायचा, कारण तो मालवायचा कोणी, यावर एकमत होत नसे. पाहुणा आला की त्याला सगळ्या खोल्यांतले दिवे लावून दाखवायचे. चतुराबाईंच्या काळात माझी चकती देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखी फिरायची. आता शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलासारखी सुटली.

महिन्याने बिल आलं. पंजाबरावांनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. वर नाव डोमाजी तायडे. "हे तं डोमाजीचं हाये," असं म्हणून त्यांनी ते माझ्याच फळीच्या खिळ्याला अडकवलं. पुढच्या महिन्याचंही तिथेच. सुभद्राबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, की ज्याचं नाव त्याचा पैसा. मेलेला माणूस बिल कसा भरणार, हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. येऊ दिलं नाही.

दिवाळीनंतर चतुराबाई आल्या. पायरीच्या कडेला बसल्या. ज्या ओसरीची भुई त्यांनी स्वतः चोपली होती, तिथे त्यांना आत या असं कोणी म्हणालं नाही, पाणीही विचारलं नाही. त्या आधी कंपनीत जाऊन आल्या होत्या. तिथे कळलं, की डोमाजींच्या नावावर बिलं थकली आहेत, ती अनामतीतून वळती होतील, आणि असंच चाललं तर हाती काही उरणार नाही.

त्यांनी सुभद्राबाईंना सगळं हळू आवाजात सांगितलं. घराचे पैसे डोमाजींच्या दुखण्याचं देणं आणि अकोल्याची खोली यांत संपले होते. त्या खोलीत वीज नव्हती. अकोल्याची वीज वेगळ्या कंपनीची, तिथे नव्याने अनामत भरायची. डोळे अधू झाले होते. मागच्या महिन्यात कंदिलाच्या उजेडात नाळ बांधताना गाठ पहिल्यांदा बसली नाही. मूल वाचलं, पण त्या दिवसापासून कोणी बोलवायला आलं की त्या आधी विचारायच्या, घरात दिवा कसला आहे. खोलीत विजेचा दिवा लागला, तर बायांना तिथेच बोलावून घेता येणार होतं. नाही लागला, तर हे काम सोडायचं. अनामत त्यांना याचसाठी हवी होती.

पंजाबराव बाहेर आले आणि त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, की घर घेतलं तेव्हा घराबरोबर जे होतं ते सगळं घेतलं, मीटर आला म्हणजे मीटरची अनामतही आली. चतुराबाई भिंतीला हात टेकून उठल्या आणि गेल्या. सुभद्राबाई आत गेल्या, त्यांनी दुपारीच जळणारा अंगणातला दिवा खाटकन मालवला. नवऱ्याशी त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या.

मग मार्गशीर्ष लागला. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणारी, संत्री निघाली, ओसरीत लाकडी पेट्यांची चळत लागली. वच्छला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. एके सकाळी वीज कंपनीचे कारकून वामनराव थकलेल्या बिलांसाठी स्वतः घरी आले. चतुराबाईंनी कंपनीत पुन्हा अर्ज केला होता, म्हणून त्यांनाही बरोबर आणलं होतं. पण पंजाबरावांना त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. ते एका अडत्याच्या माणसाशी भांडत होते.

भांडण पेट्यांचं. अडत्याने संत्री घेतली, पैसे चुकते केले, आणि रिकाम्या पेट्या परत पाठवल्या नाहीत. त्याचा माणूस म्हणत होता, की माल पेटीसकट आला तेव्हा पेटीही मालातच धरली. पंजाबराव लाल झाले होते.

"माल इकला म्या, पेटी नाई इकली. संत्रं खाल्लं तुमी, आता पेटी माही मले वापस द्या. पेटीवर नाव कोनाचं हाये, वाच ना. ढोले हाये का तुया शेठचं?"

अडत्याच्या माणसाने दुपारपर्यंत पेट्या आणून टाकायचं कबूल केलं आणि काढता पाय घेतला. पंजाबराव जिंकलेल्या पैलवानासारखे खाली बसले. मग त्यांचं लक्ष पायरीकडे गेलं.

चतुराबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मी बी तेच मागून राहिली. घर म्या इकलं. पेटी मायी वापस द्या. नाव डोमाजीचं हाये तिच्यावर."

 आधी हसली ती वच्छला, आणि बापाने बघितलं तसा तिने पदर तोंडाला लावला. सुभद्राबाईंनी तेवढ्यात एक गोष्ट केली. आतून चहा आणला, घरातल्याच कपबशीत, आणि चतुराबाईंना म्हणाल्या, "वर या बाई, पायरीवर काहून बसल्या?"

पंजाबराव बराच वेळ आपला फेटा सारखा करत बसले. मग त्यांनी वामनरावांना विचारलं, जरा पडत्या आवाजात, की कायदा काय सांगतो. वामनरावांनी समजावलं. अनामत माणसाची असते, घराची नसते. घर विकलं म्हणून ती घेणाऱ्याकडे जात नाही. ताबा देतानाच दोघांनी मिळून लिहून दिलं असतं, तर ती पंजाबरावांच्या नावावर फिरवता आली असती. पण मग तेवढे पैसे त्यांनी बाईंच्या हातात द्यायचे होते. आणि घराचा ताबा दिला त्या दिवसापासूनची वीज ज्याने जाळली, त्याने भरायची. डोमाजी हयात नाहीत, म्हणून अनामत त्यांच्या वारसांना, म्हणजे चतुराबाई आणि मैनाला मिळेल.

"खिळ्यावरची बिलं काढ वं," पंजाबराव बायकोला म्हणाले.

बिलं सुभद्राबाईंनी आधीच काढून हातात धरली होती.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण वामनरावांनी पुढचा नियम सांगितला. अनामत सोडवायची तर डोमाजींच्या नावाची जोडणी आधी बंद करावी लागेल. वायरमन येऊन तार सोडेल, मीटर उतरवेल. मग पंजाबरावांनी नवा अर्ज करायचा, आणि नंबर लागेल तेव्हा नवी वीज. मध्ये पंधरवडा जाईल, महिनाही जाईल. कागद तयार होता. चतुराबाईंची एक सही झाली की काम सुरू.

चतुराबाईंनी पेन हातात घेतलं. त्यांची नजर वच्छलेकडे गेली. दाई बघते तसं त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, पोट किती खाली उतरलंय ते पाहिलं, जवळ बोलावून कंबर कधीपासून दुखते ते विचारलं. मग पेन वामनरावांना परत दिलं.

"या पोरीचे दिवस भरले. आता या घरात अंधार नाई करत मी. माही सही बाळंतपनानंतर घ्या."

वामनराव म्हणाले, की मध्ये आणखी बिल चढेल, साहेब बदलतील, कागद मागे पडेल, हाती काय लागेल ते सांगता येत नाही. चतुराबाईंनी मान डोलावली. त्यांना ते कळत होतं. अकोल्याची खोली, तो कंदील, ती न बसलेली गाठ, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. त्या उठून पिशवी शोधू लागल्या.

मित्रांनो, मी आयुष्यभर युनिटं मोजली. हे कितीचं होतं, ते माझ्या चाकांना मोजता आलं नाही.

पंजाबराव उठले. आत जाऊन पैशाचा कसा घेऊन आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज असा आला की माझी चकती थरथरली नाही.

"वामनराव, मायी अनामत आजच घ्या. मांगचं बिल बी घ्या. दोन्ही सह्या एका टेबलावर करतो आमी. मंग तार कायले सोडता? नाव तेवढं बदला."

वामनरावांनी डोकं खाजवलं. अशी सोय होती, पण तिच्यासाठी देणारा आणि घेणारा एकाच वेळी समोर यावा लागतो, आणि घराचा सौदा झाल्यावर ही दोन माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत असाच त्यांचा अनुभव होता. साहेबांना विचारतो, म्हणाले. तिघं तसेच कंपनीत गेले. सुभद्राबाई वच्छलेपाशी थांबल्या.

तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. एवढं खरं, की संध्याकाळी वायरमन आला तो पक्कड न घेता आला. त्याने माझी काच पुसली, आकडा वाचला आणि दोघांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगितला. चतुराबाई म्हणाल्या, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोमाजी बघायचे तसं, आणि त्या गाडीला गेल्या. डोमाजी तायडे हे नाव त्या दिवशी माझ्यावरून उतरलं. दिवा मात्र क्षणभरही विझला नाही.

वच्छलेचं बाळंतपण शेवटी दवाखान्यातच झालं, ते भर दुपारी. मुलगी झाली. पंजाबरावांनी पेढे वाटले आणि अंगणातला दिवा लावायला निघालेल्या पाहुण्याला हटकलं. कारण नवं बिल आलं होतं आणि त्यावर पंजाबराव ढोले असं स्वच्छ छापलेलं होतं. त्या महिन्यापासून माझी चकती पुन्हा प्रदक्षिणेच्या चालीने फिरायला लागली. बिलावर आपलं नाव वाचल्याशिवाय माणसाला आपला दिवा दिसत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलो.

वारसाचे दाखले, मैनाची सही, यांत थोडे हेलपाटे झाले, पण अनामत पुरी मिळाली. त्यातून काहीच कापलं गेलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कधी घर घेण्याविकण्याची गोष्ट निघाली, तर मोठ्यांना माझ्याकडे एकदा बघायला सांगा. किल्ली देण्याआधी दोघांनी मिळून माझा आकडा वाचावा, नाव त्याच दिवशी बदलून घ्यावं, अनामतीची पावती जपावी. आणि गेलेल्या माणसाच्या नावावर आपला दिवा जाळू नये. माझी काच अधूनमधून पुसलीत तर मला आवडेल, पण तो माझा हक्क नाही. अनामत मात्र ज्याची त्याचा हक्क असते.

परवा पंजाबराव अकोल्याच्या बाजारातून परतले. ओसरीत बसून सुभद्राबाईंना सांगत होते, की वाट वाकडी करून चतुराबाईंच्या खोलीवर गेलो होतो. दारात दोन बाया बसल्या होत्या, आतून तान्ह्याचं रडणं येत होतं, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"अन् लाईट?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"लागला हाये ना. मीटर बी पाह्यला म्या. नाव चतुराबाईचं हाये त्याच्यावर."

एवढं बोलून त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. आठी न घालता.